पावणेपाचचं पाळणाघर

आमच्या घरात आईने "पकड!" अशी हाक दिली की हातातलं असेल ते टाकून धावायचं असतं. मग तुम्ही गणित सोडवत असा, नाहीतर बाबांसारखे अर्धी दाढी करून उभे असा. कारण आईच्या हातात चादरीची दोन टोकं असतात आणि उरलेली दोन तुमची वाट बघत असतात. एकट्याने चादरीची घडी घालता येते हे तिला मान्यच नाही. "ती घडी नव्हे, गुंडाळी," असं म्हणून ती असं तोंड करते, जणू आपण चादरीचा गळाच आवळला.

आई आमच्या वॉर्डाची नगरसेविका आहे. पण त्याआधी चौदा वर्षं ती हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत होती, घडीच्या टेबलावर. हे मी आधीच सांगून टाकते, कारण त्याशिवाय आई कळत नाही. आता तिची बोलायची पद्धतच घ्या. लॉन्ड्रीत चादरी वाळवणारा मोठा गरम रोलर दिवसभर घरघरत असतो. दोघी चादर धरून समोरासमोर लांब उभ्या असतात तेव्हा काही म्हणजे काही ऐकू येत नाही. टोकाला टोक जुळवायला त्या एकमेकींजवळ येतात, तेवढ्यात काय ते बोलून घ्यायचं. आपली टोकं तिच्या हातात द्यायची, खाली लोंबणारी घडी उचलायची, मागे जायचं, ताणायचं, परत जवळ यायचं आणि राहिलेलं वाक्य पुरं करायचं. चौदा वर्षं असं बोलल्यावर माणूस दुसरं कसं बोलणार? आई स्वयंपाकघराच्या दारात येते, म्हणते, "उद्या शाळेत जाताना..." आणि आत निघून जाते. आम्ही थांबतो. ती परत येते. "...बाबांची छत्री दुकानातून घेऊन ये." नगरपालिकेच्या सभेतही ती दोन पावलं पुढे येऊन बोलते आणि दोन पावलं मागे जाते. पहिल्याच सभेत अध्यक्षांनी विचारलं होतं, "बाई, तुम्ही आलात की निघालात?"

लॉन्ड्रीतल्या बायका मला ट्रॉली म्हणतात. आठवीपर्यंत मला या नावाचा इतका राग यायचा की रस्त्यात कुणी हाक मारली की मी बुटाची नाडी बांधायला खाली बसायचे. सुटलेली नसली तरी. पण यंदा, दहावीत, मी वर्गासमोर उभी राहून "माझं पहिलं घर" हा निबंध वाचला, आणि ते घर म्हणजे लॉन्ड्रीची ट्रॉली होती. शेवटच्या बाकावरच्या पोरींनीसुद्धा खुसुखुसु केलं नाही. तेव्हापासून माझी नाडी कधी सुटत नाही.

त्याचं असं आहे. लॉन्ड्रीची पहिली पाळी सकाळी सहाला सुरू होते. तिच्या समोरच नगरपालिकेचं पाळणाघर आहे, ते आठला उघडायचं. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. मी लहान असताना ते दुसऱ्या शहरात कामाला होते, रविवारपुरते यायचे. मग सहा ते आठ मी कुठे? तर धुतलेल्या चादरींच्या ट्रॉलीत, तळाशी, अंगावर एक पातळ चादर. रडायचं नाही, शिंकायचं नाही. आठला चहाची सुट्टी झाली की आई मला काखोटीला मारून रस्ता ओलांडायची. मला त्यातली फक्त ऊब आठवते आणि साबणाचा वास. आईला मात्र तो दिवस आठवतो, ज्या दिवशी भरलेली समजून कुणीतरी माझी ट्रॉली हॉस्पिटलच्या गाडीत चढवली आणि ती गाडीमागे अनवाणी धावली. ती हे सगळ्यांना हसत हसत सांगते. पण सांगून झालं की माझ्या डोक्यावरून हात फिरवते. मी तिच्यापेक्षा चार बोटं उंच झालेय, तरी टाचा उंचावून फिरवते.

गाडीमागे धावलेल्या आठवड्यातच तिने पहिला अर्ज केला: पाळणाघर पाळीच्या आधी उघडा. असे अकरा अर्ज झाले. बाराव्या खेपेला खिडकीतला कारकून वैतागून म्हणाला, "ताई, तुम्ही निवडणुकीलाच उभ्या राहा ना, म्हणजे तुम्हाला रोज येता येईल." तो टोमणा होता. आईने तो सल्ला म्हणून घेतला. एकसष्ट मतांनी निवडून आली, आणि तो कारकून आता तिला बघितलं की खुर्चीवरून उठून उभा राहतो. बिचारा.

तरीही ठराव व्हायला साडेचार वर्षं लागली. आणि झाला तोही कसा? सहा दिवस करून बघू, म्हणे. सोमवार ते शनिवार पाळणाघर साडेपाचला उघडायचं. शनिवारी साडेपाचला अधिकारी येऊन डोकी मोजणार. पंधरा मुलं असली तर कायमचं, चौदा असली तर फाइल बंद. अध्यक्ष तर सभेतच म्हणाले, "एवढ्या पहाटे कोण पोरं आणणार? ही गरज नाही, ही बाईंची हौस आहे." सहा महिन्यांनी पुढची निवडणूक. आई निवडून येईल न येईल, आणि नाही आली तर ती फाइल पुन्हा कोण उघडणार? मला सगळं दिसत होतं. आईला बहुधा माझ्या आधीपासून दिसत असावं, कारण त्या रविवारी तिने घरातल्या सगळ्या चादरी धुतल्या. स्वच्छ होत्या त्यासुद्धा.

सोमवारी आम्ही साडेपाचला हजर. मी रंगीत खडूंनी पाटी लिहिली होती. पाळणाघरातल्या ताईंनी वीस छोट्या गाद्या घातल्या होत्या, पायाशी वीस छोट्या चादरी. आई दारात अशी उभी होती, जणू आता बस भरून मुलं येणार.

दोन आली. त्यातला एक ताईंचाच भाचा.

"पहिलाच दिवस आहे," आई म्हणाली.

मंगळवारी तीन. "थंडी आहे."

मंगळवारी संध्याकाळी मी म्हटलं, "आई, बायकांना विचारू या ना, का येत नाहीत ते."

"मला विचारायची काय गरज?" आई उभ्याउभ्या जेवत होती. ती काळजीत असली की बसत नाही. "चौदा वर्षं काढलीत मी तिथे. सहाच्या पाळीला साडेपाचला पोर सोडलं की चालत जाऊन, हात-तोंड धुऊन टेबलावर पोचायला..." ती आत गेली. आम्ही थांबलो. बाहेर आली. "...पाव तास जास्तच उरतो."

बाबा माझ्याकडे एकदा बघून, मग ताटात बघत म्हणाले, "लिफ्ट बंद पडली की मी आधी आत अडकलाय त्याला विचारतो, काय झालं. वायरी मला त्याच्यापेक्षा जास्त कळतात. पण आत तो आहे."

"अहो, मी लिफ्टचं बोलत नाहीये."

"मी लिफ्टचंच बोलतोय," बाबा म्हणाले आणि पाणी प्यायले. बाबा असे आहेत. महिन्यातून एकदा बोलतात आणि मग दमल्यासारखे पाणी पितात.

बुधवारी मी आईच्या आधी घरातून निघाले. मला पाटीवर ससा काढायचा होता. मुलं सशासाठी येतील असा माझा मोठ्ठा सिद्धांत होता. पाच वाजून पाच मिनिटांनी मी पाळणाघराच्या बंद फाटकाशी खडू घेऊन बसले होते. आणि बघते तर काय! रस्ता रिकामा नव्हताच. बायका चालल्या होत्या. दोघी-तिघी करत, झपाझप, कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या बोटाला झोपाळलेलं पोर. सगळ्या पाळणाघरासमोरून सरळ पुढे, लॉन्ड्रीच्या फाटकाकडे.

त्यांच्यात तोफमावशी होती. म्हणजे माझी सख्खी मावशी नव्हे. ती आईची जोडीदारीण, चौदा वर्षं चादरीच्या दुसऱ्या टोकाला होती. रोलर चालू असतानाही जिचं बोलणं लांबून ऐकू येतं अशी लॉन्ड्रीत ती एकटीच, म्हणून तोफ. तिच्या खांद्यावर तिचं शेंडेफळ झोपलं होतं. दोन वर्षांची पोर, मोठ्या दोघी कामाला लागल्यावर झालेली.

"मावशी!" मी ओरडले. "अगं थांब ना! साडेपाचला उघडतंय!"

"साडेपाचला आम्ही टेबलावर असतो, ट्रॉली," ती न थांबता म्हणाली.

"पण पाळी तर सहाची!"

"पाळी सहाची. टेबल सव्वापाचचं. जा, आईला विचार टेबल म्हणजे काय." चार पावलं गेली आणि वळून म्हणाली, "नको विचारू. तिलाही आता माहीत नाही."

ससा राहिला बाजूला. आई आली तेव्हा मी सगळं एका श्वासात सांगितलं. आई म्हणाली, "काहीतरीच. टेबलं ठरलेली असतात. कडेला खडूने नावं लिहिलेली असतात. माझं नाव खिडकीजवळच्या..." आणि दोन पावलं मागे गेली. या वेळी ती वाक्य पुरं करायला परत आली नाही.

त्या दिवशी पाळणाघरात दोन मुलं होती. ताईंचा भाचा पकडून.

गुरुवारी आईने मला पावणेपाचला उठवलं. तिने सभेची साडी नेसली नव्हती. जुना, बाह्यांना पिवळट पडलेला लॉन्ड्रीचा डगला घातला होता. मी तो इतक्या वर्षांनी बघितला. साडेचार वर्षांत आई जरा भरलीय, त्यामुळे शेवटचं बटण लागत नव्हतं. मी हसले नाही. आतल्या आत हसले.

लॉन्ड्रीच्या फाटकाशी रांग होती, आणि आई रांगेत शेवटी उभी राहिली. बायका वळून वळून बघायला लागल्या. पुढून आवाज आला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा.

"काय नगरसेविकाबाई! मतं मागायला? अजून सहा महिने आहेत की!"

"मत नको," आई म्हणाली. "काय चुकलं ते सांग."

"रिकाम्या हातांनी मला बोलता येत नाही, तुला माहितेय."

फाटक उघडलं. नवा सुपरवायझर, कानाला पेन अडकवलेला तरुण माणूस, आईला बघून गडबडला. "मॅडम, पाहणी असेल तर आधी पत्र..."

"पाहणी नाही. हात शिवशिवताहेत."

यावर त्याच्याकडे फॉर्म नव्हता. शिवाय तोफमावशीची आताची जोडीदारीण आदल्या रात्री दात काढून आली होती, आठपर्यंत येणार नव्हती. त्यामुळे आम्ही आत.

आत गेल्यावर काय झालं ते मला नीट सांगायचंय. फाटकातून शिरल्या शिरल्या बायका धावल्या. खरंच धावल्या, पोरं कडेवर घेऊन. खिडकीकडची आठ टेबलं एका दमात भरली. उरलेल्या बायका, बहुतेक वयाने मोठ्या, ज्यांना धावता येत नाही अशा, रोलरजवळच्या टेबलांवर गेल्या. तिथे वाफ थेट तोंडावर येते. एका आजीने आधीच मनगटांना ओली फडकी गुंडाळली होती. आणि मग सगळ्या नुसत्या उभ्या राहिल्या, सहा वाजेपर्यंत, आपापल्या टेबलाला हात लावून. हललं की टेबल गेलं. पोरं टेबलांखाली, ट्रॉल्यांमध्ये. मला एका ट्रॉलीतून छोटी पावलं बाहेर आलेली दिसली.

टेबलांच्या कडेला खडूचं एकही नाव नव्हतं.

आठ टेबलांत तोफमावशीने कोपऱ्यातलं पटकावलं होतं, शेंडेफळासकट. सहाला रोलर घरघरला. पहिली चादर आली. आईने न बघता दोन टोकं पकडली, आणि मी सांगते, ती एकदम वेगळीच बाई झाली. पाठ सरळ, बोटं हलकी. दोघी मागे गेल्या, ताणलं, जवळ आल्या. आईने अर्ध्यात घडी घातली, मग पुन्हा अर्ध्यात. झर्रकन.

तोफमावशीने ती तिच्या हातातून ओढून घेतली आणि फटकन उलगडून टाकली.

"आता तिनात," ती म्हणाली.

"काय?"

"हॉस्पिटलात नवी कपाटं आलीत. चारातली घडी बसत नाही. दोन वर्षं झाली."

मी आईला सभेत बोलणी खाताना बघितलंय, पत्रकं फाडली जाताना बघितलंय, तिची पापणी हलत नाही. पण त्या उलगडलेल्या चादरीकडे बघताना तिचे कान लाल झाले.

मग तोफमावशीने तिला तिनातली घडी शिकवली आणि बोलणं सुरू झालं, जवळ आल्यावर एकेक तुकडा. मी उलट्या टोपलीवर बसून दर वेळी मान पुढे करून ऐकत होते.

"हा पेनवाला आला आणि त्याने नावं पुसली. जो आधी येईल..."

मागे. ताण. पुढे.

"...त्याचं टेबल. आणि जोडी पुरी पाहिजे, एक आली तर चालत नाही. मग आम्ही पाचपासून रांगेत."

मागे. ताण. पुढे.

"मला सांगितलं का नाही?" हे आई.

मागे. ताण. पुढे.

"तू विचारलंस कधी? निवडून आल्यावर तीनदा आलीस. तिन्ही वेळा..."

मागे. या वेळी दोघींनी चादर जरा जास्तच ताणली. पुढे.

"...सांगायला आलीस. ऐकायला कधी आलीस, गं?"

आईने घडी ठेवली. पुढची चादर उचलली. ती तीन वेळा पुढे आली आणि तीनही वेळा नुसती टोकं देऊन मागे गेली. चौथ्या वेळी म्हणाली, "चुकलं माझं."

मागे. ताण. पुढे.

"घडीचं की दुसरं?" तोफमावशीने विचारलं.

"दोन्ही."

तोफमावशी हसली. ते हसणं रोलरच्या वरताण ऐकू आलं, आणि पेनवाल्याने दचकून वर बघितलं.

"पाळणाघर पावणेपाचला उघडलं तर?" आई.

"तर येतील. पण तुझी ती ताई लांब राहते, तिला पहाटेची बस नाही. आणि कागदावर साडेपाच आहे."

"कागदावर साडेपाचला उघडा असं आहे." मागे. ताण. पुढे. "त्याआधी उघडू नका असं कुठे लिहिलंय? ताई येईपर्यंत मी आहे."

"आणि मी!" मी टोपलीवरून ओरडले. ऐकू कुणालाच गेलं नाही.

त्यानंतर जे बघितलं ते मी म्हातारी होईपर्यंत विसरणार नाही. ना पत्रक, ना भोंगा. तोफमावशीने शेजारच्या टेबलावरचीला मागे जाता जाता काहीतरी म्हटलं. तिने आपल्या जोडीदारणीला, टोकं जुळताना. तिने पलीकडचीला. निरोप चादरीचादरीतून पुढे सरकत गेला, खिडकीपासून रोलरपर्यंत, आणि शेवटी ओली फडकी बांधलेल्या त्या आजीने वळून आईकडे बघितलं आणि मान हलवली. सात मिनिटं लागली. मी घड्याळ लावलं होतं.

शुक्रवारी पहाटे अकरा मुलं आली. अकरा! बाबा दाराची कुरकुरणारी कडी दुरुस्त करायला म्हणून आले आणि दोन हातांवर दोन पोरं घेऊन फिरत राहिले, कडी तशीच राहिली. पण अकरा म्हणजे पंधरा नव्हे. आणि तोफमावशीने शेंडेफळ आणलंच नाही. "ती कुणाकडे राहत नाही," ती दारातून म्हणाली. "आज मोठीला सुट्टी आहे, घरी ठेवलीय. उद्याचं उद्या." आईने फक्त मान हलवली. आदल्या दिवशीच चूक कबूल केलेल्या माणसाला जास्त बोलता येत नाही.

शनिवार. पावणेपाचला आईने दार उघडलं. मुलं यायला लागली. मी प्रत्येकाचं नाव हजेरीच्या वहीत लिहीत होते आणि मनात मोजत होते. पाच. आठ. एक जुळी जोडी आली, माझा जीव भांड्यात पडला. बारा. पाच वाजून दहा मिनिटांनी चौदा. मग रस्ता रिकामा झाला. लॉन्ड्रीचं फाटक उघडल्याचा करकर आवाज आला, बायका आत धावल्या असणार, आणि मग काहीच नाही.

सव्वापाच. ताई पोचल्या, धापा टाकत, भाच्याशिवाय. "ताप आलाय त्याला," त्या म्हणाल्या आणि रडायच्या बेतात आल्या.

पाच वाजून वीस मिनिटं झाली तेव्हा अधिकारीसाहेब आले. दहा मिनिटं आधी! मफलर, हातात फळी, फळीला कागद लावलेला. त्यांनी चपला बाहेर काढल्या, बरं का, आणि चवड्यांवर चालत गाद्यांमधून फिरले. ते मला आवडलं. पण ते मोजत होते, ओठ हलवून, आणि त्यांचे ओठ कुठे थांबणार ते मला माहीत होतं.

"चौदा," ते हळूच म्हणाले. त्यांना स्वतःलाच वाईट वाटल्यासारखं वाटलं. "मॅडम, साडेपाचपर्यंत थांबतो मी. पण नियम..."

"हो, साहेब," आई म्हणाली. ती कुठल्याशा पोराच्या अंगावरून सरकलेली चादर नीट करत होती. तिची पाठ आमच्याकडे होती.

पाच पंचवीस. आणि तोफ ऐकू आली.

"ट्रॉली! दार लावू नकोस गं!"

रस्त्याच्या टोकाकडून तोफमावशी धावत येत होती. लॉन्ड्रीच्या बाजूने नाही, घराच्या बाजूने. खांद्यावर शेंडेफळ, एका पायात मोजा, दुसरा पाय उघडा. तिने पोर थेट माझ्या हातात कोंबली. "रांगेत मोजली मी. एकेकीला विचारलं, सोडलं का, सोडलं का. चौदा भरली. म्हटलं, मेलं, माझंच एक घरी झोपलंय!" तिला श्वास पुरत नव्हता. "मग घरी गेले परत."

"अगं, पण तुझं टेबल?" आई म्हणाली.

तोफमावशीने हात झटकला. टेबल गेलं होतं, हे सांगायची गरजच नव्हती. जोडी पुरी नाही म्हटल्यावर तिच्या जोडीदारणीने दुसरी कुणी धरली असणार. आज दिवसभर तोफमावशी रोलरच्या तोंडाशी, तीही एकटी. आणि एकट्याने चादरीची घडी घालता येत नाही हे आमच्या घराच्या भिंतींनासुद्धा माहितेय.

शेंडेफळाने डोळे उघडून मला निरखलं. कुणाकडे न राहणारी ती पोर! तिने माझी वेणी मुठीत धरली, तोंडात घातली आणि परत झोपली.

"पंधरा," साहेब म्हणाले आणि इतक्या जोरात हसले की पंधराच्या पंधरा जागी व्हायचीच बाकी होती. मग ते बाकावर बसून फॉर्म भरायला लागले, आणि सरकारी फॉर्म तुम्हाला माहितेयत. मूल क्रमांक एक, वय, पालकाचं काम, पाळीची वेळ... सहा वाजून गेले. शेवटी त्यांनी मान वर केली. "इथे नगरसेविकांची सही. मॅडम कुठे गेल्या?"

मी इकडेतिकडे बघितलं. पहाटे आल्यावर आईने खुंटीला अडकवलेला लॉन्ड्रीचा डगला नव्हता.

"कामावर," मी म्हटलं.

"कामावर म्हणजे?"

"आणते सही." मी फळी उचलली, वेणी हळूच सोडवली, ताईंना खूण केली आणि रस्ता ओलांडून पळाले. पेनवाल्या सुपरवायझरने मला अडवायला हात वर केला आणि तसाच खाली घेतला. आत रोलर घरघरत होता. त्याच्या अगदी तोंडाशी, वाफेत, आई आणि तोफमावशी चादर धरून उभ्या होत्या. दोघींचे चेहरे लालबुंद. खिडकीकडची टेबलं आता सोमवारपासून आळीपाळीने मिळणार, असं ओल्या फडक्यांच्या त्या आजीने ठरवून टाकलंय हे मला नंतर कळलं. आणि पेनवाल्याशी बोलायला आई मंगळवारी गेलीच, आधी पत्र पाठवून. पण तेव्हा त्या दोघींना फक्त चादरी दिसत होत्या. ढीगच्या ढीग.

"आई! सही!" मी ओरडले.

ती पुढे आली. टोकं तोफमावशीच्या हातात दिली. क्षणभर हात मोकळे झाले. मी फळी पुढे केली, तिने पेन घेऊन आपलं अर्धं नाव लिहिलं. तोवर खालची घडी उचलायची वेळ झाली. पेन माझ्या हातात, ती मागे. ताण. पुढे. टोकं दिली, आणि उरलेलं अर्धं नाव लिहिलं.

"पंधरा?" तिने विचारलं.

ती मागे गेली. मी वाट बघितली. ती पुढे आली.

"पंधरा!" मी म्हटलं.

मी परत आल्यावर साहेबांनी फॉर्म डोळ्यांजवळ धरून बघितला. "ही सही मध्येच तुटलीय का?"

"नाही, साहेब," मी म्हटलं. "मध्ये ती जरा मागे गेली होती."